तेहतिसाव्या दिवसाचा थेंब

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात मुख्य स्वयंपाकीण. चव बघायची त्यांची रीत ठरलेली होती. डावातला एक थेंब डाव्या तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा आणि मान हलवायची. पंचवीस वर्षं तीनशे माणसांचं मीठ त्या एका मानेवर चाललं होतं. स्वयंपाकघरातले लोक त्यांना ‘तराजू’ म्हणायचे, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती, आणि मी काही कुणाला भिऊन राहणारी बाई नाही.

त्याच इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर माझा नवरा यकृताच्या दुखण्यानं पडून होता. शाळेची बस चालवणारा, मुलांना हसवत नेणारा माणूस, दोन महिन्यांत नुसता पिवळा सांगाडा झाला. डॉक्टरांनी आम्हा दोघींना व्हरांड्यात बोलावून सांगितलं, औषधाचा आता फारसा उपयोग नाही. मी तिथल्या बाकावर बसले. वन्सं तडक रस्त्यापलीकडच्या चर्चमध्ये गेल्या आणि प्रभूला शब्द देऊन आल्या. चाळीस दिवस सूर्य मावळेपर्यंत तोंडात पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, आणि रोज चार ते सहा गुडघ्यांवर प्रार्थना करायची. बदल्यात भावाचा जीव.

चार ते सहा हीच आजाऱ्यांना भेटायची वेळ. बाकीचा दिवस वन्सं शेगडीपाशी अडकलेल्या, आणि वॉर्डातली सिस्टर इतर वेळी कुणाला दारातही उभं करत नसे. मी हे बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, “सोपं असतं तर देवानं कशाला ऐकलं असतं?”

त्यांचे बत्तीस दिवस निभावले. चव बघायचं काम त्यांनी हाताखालच्या बाईवर सोपवलं होतं. तेहतिसाव्या दिवशी ती बाई दूध उतरवून घ्यायला बाहेर गेली, सूपला उकळी आली, आणि वन्संच्या हातानं पंचवीस वर्षांची सवय केली. डाव वर आला, थेंब तळहातावर पडला, जिभेला लागला. मान हलवून झाल्यावर त्यांना कळलं. त्या तशाच नळाकडे धावल्या, चुळा भरल्या, घशात बोटं घालून ओकारी काढली. तीनशे माणसं जेवायची थांबली होती आणि मुख्य स्वयंपाकीण मोरीत बसून रडत होती.

चर्चच्या पाळकांनी त्यांना समजावलं, “अहो ताई, देव कृपा करतो, मजुरी वाटत नाही. जे फुकट दिलंय त्याची किंमत कशाला चुकवता?” वन्संनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.

नेमकं त्याच आठवड्यात ह्यांच्या पोटात पाणी वाढलं. झालं! वन्सं जिन्याखाली माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, “माझ्यामुळे झालं गं. माझी जीभ चळली.”

तेव्हा मी म्हणायला हवं होतं की वन्सं, काहीतरीच काय, आजार आहे तो. त्यांच्यामुळे झालं असं मला खरंच वाटत होतं, तसंही नाही. पण कुणावर तरी राग काढायचा होता, देव काही हाताला लागत नव्हता आणि त्या समोर उभ्या होत्या. मी हात सोडवून घेतला आणि वर निघून गेले. आजही ते आठवलं की लाज वाटते.

दुसऱ्या खेपेला अकराव्या दिवशी गुडघ्यांवर असतानाच त्यांचा डोळा लागला. पहाटे पाचपासून उभी राहिलेली उपाशी बाई, दुसरं काय होणार? पुन्हा एक. गालांची हाडं वर आली, पदर खांद्यावर ठरेना, गुडघ्यांना फोड आले. तिकडे हे रोज चार वाजले की दाराकडे बघायचे. मी दिसले की हसायचे, आणि माझ्या मागे कुणी नाही हे बघून डोळे मिटायचे. एकदाच म्हणाले, “ताई रागावलीय का माझ्यावर?”

तिसऱ्या खेपेचा नववा दिवस होता. डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवा. मी रस्ता ओलांडून चर्चमध्ये शिरले. वन्सं पुढच्या बाकाशी गुडघ्यांवर होत्या, ओठ हलत होते.

“वन्सं, उठा. ह्यांनी तुम्हाला बोलावलंय.”

“सहा वाजू देत.”

“सहाला दार बंद होतं!”

“अजून एकतीस दिवस राहिलेत गं.”

“त्यांच्याकडे एकतीस दिवस नाहीत!” मी चर्चमध्ये ओरडू नये तशी ओरडले. “तिथं भाऊ वाट बघत मरतोय आणि तुम्ही इथं मोजत बसलाय!”

त्यांनी वळून पाहिलं. इतकं घाबरलेलं म्हातारं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. “कशी येऊ?” त्या म्हणाल्या. “काय घेऊन येऊ त्याच्यासमोर? दोनदा मोडलं मी. माझ्या हातात काहीच नाही गं.”

“मग तशाच चला,” मी म्हटलं आणि दंडाला धरून उठवलं. तीन मजले त्यांना चढवेनात. प्रत्येक वळणावर थांबत होतो आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मनातल्या मनात शिव्या देत होते.

ह्यांनी त्यांना पाहिलं आणि ह्यांचा चेहरा उजळला. “आलीस? बस.”

वन्सं बसल्या नाहीत. उभ्यानंच सगळं सांगू लागल्या. थेंब, झोप, पुन्हा एक, तू थोडा दम धर, मी पुरे करते. ह्यांनी ऐकलं. मग त्या पिवळ्या चेहऱ्यावर बसमधलं जुनं मिस्कील हसू आलं.

“ताई, प्रभूनं माझ्यासाठी जीव दिला तेव्हा तुझ्या उपासाची वाट बघत थांबला होता का गं?”

“तसं नाही रे...”

“मग कशाला उगाच मधे मधे करतेस? बस ना जवळ.”

त्या बसल्या. ह्यांनी त्यांचं बोट धरलं, लहान मूल धरतं तसं, आणि झोपले. सहा वाजले. सिस्टर दारात आली, आमच्याकडे बघून परत गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी हे गेले.

माती देऊन परतल्यावर घरी आम्ही दोघीच उरलो. भाकरीचं ताट समोर होतं. वन्संनी ते बाजूला सारलं. “जन्मभर उपास केला तरी फिटणार नाही,” म्हणाल्या. “तेहतिसाव्या दिवशी चाखलं नसतं तर वाचला असता. शिक्षा मला व्हायला हवी.”

मला राग आला, रडू आलं, दोन्ही एकदम आलं. “मग माझं काय?” मी म्हटलं. “तुमचे बत्तीस दिवस तरी झाले. मी एक दिवस उपास केला नाही. एकदा गुडघे टेकले नाहीत. देवाला फक्त शिव्या दिल्या. आणि त्या दिवशी जिन्याखाली तुम्ही माझा हात धरलात तेव्हा मनातून तुम्हालाच दोष दिला. सांगा, मला काय शिक्षा?”

“अगं, वेडी का खुळी तू?” वन्संनी मला ओढून छातीशी धरलं. “तुला कसली शिक्षा? नवरा गेला तुझा. असल्या दुःखात माणूस काय काय बोलतं, ते देव मनात धरून बसतो होय? एवढा का दुष्ट आहे तो?”

आणि बोलता बोलता त्या थांबल्या. हात माझ्या पाठीवर तसाच राहिला. “एवढा का दुष्ट आहे तो?” आपलेच शब्द त्यांनी हळूच स्वतःला पुन्हा विचारले. मग त्यांचं सगळं अंग गदगदू लागलं, आणि त्या भावासाठी पहिल्यांदा रडल्या.