सारख्या भरलेल्या चार बाटल्या

वहिनींची गाडी पहिल्यांदा अडखळली ती शाळेतून परतताना, रामाकोन्याजवळच्या चढावर. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी पुढं जाईना. दोन हिसके बसले आणि मग ती पुन्हा नीट चालू लागली. पुढं ते रोजचंच झालं. सौसरच्या मिस्त्रीनं इंजेक्टर खराब झाल्याचं सांगितलं. चारही नवे टाकावे लागतील, म्हणाला. जुन्या गाडीवर एवढा खर्च करण्यात अर्थ नाही, असं माझ्या थोरल्या भावानं ठरवलं आणि लोधीखेड्याच्या एका गिऱ्हाइकाला फोन केला. गिऱ्हाईक रविवारी येणार होतं.

वहिनी रामाकोन्याच्या पुढं, मुख्य रस्त्यापासून आत असलेल्या एका गावी प्राथमिक शाळेत शिकवतात. नोकरीची बहुतेक वर्षं भाऊ त्यांना मोटरसायकलवर सोडायचा आणि आणायचा. संत्र्याची तोडणी सुरू झाली की त्याला बागेतून निघता येत नसे. शाळा सुटलेली, गाव शेतात गेलेलं, आणि वहिनी व्हरांड्यात त्याची वाट पाहत बसलेल्या, असं अनेक हिवाळे चाललं. पन्नाशी ओलांडल्यावर त्या गाडी चालवायला शिकल्या. त्यानंतर त्या येताना भाजी घेऊ लागल्या, सोबतच्या बाईंकडे चहाला थांबू लागल्या, मोहगावला माहेरी परस्पर जाऊन येऊ लागल्या. गाडी विकली की पुन्हा व्हरांडा, हे त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नाही. मला फोन मात्र केला.

मी नागपूरच्या वर्तमानपत्रातली नोकरी सोडून पांढुर्ण्यात राहतो.

"भाऊजी, तुमचे भाऊ गाडी विकून राहिले," त्या म्हणाल्या. "तुमी ते मोबाइलवर रिपेरिंगचे व्हिडिओ पाहत राहता ना? एकदा येऊन पाहा."

"भाऊ काय म्हणतो?"

"त्याइले विचारून नाही राहिली मी. तुमाले सांगून राहिली."

शनिवारी सकाळी मी सौसरला पोचलो. भाऊ अंगणात होता.

"आले इंजिनिअर साहेब," तो म्हणाला. "पेपरात होता तं बातम्या बिघडवल्या, आता गाडी बिघडव."

पण मदतीला तोच आधी उठला. इंजेक्टर म्हणजे बोटाएवढी एक तोटी. विजेचा झटका मिळाला की ती क्षणभर उघडते आणि इंजिनमध्ये पेट्रोल फवारते. पेट्रोल, नळी, अडलेलं तोंड, हे ऐकल्यावर भावाला ती गोष्ट परकी वाटेनाशी झाली. आमच्याकडे बागेत ठिबकच्या नळ्या आहेत आणि फवारणीचे पंप आहेत. दोन्हींची तोंडं तो आयुष्यभर मोकळी करत आला आहे.

आम्ही टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा फ्यूज काढला आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं, म्हणजे नळीतला दाब उतरतो. मग बॅटरीची तार सोडली, चारही इंजेक्टर काढले आणि त्यांवर पट्टी चिकटवून आकडे टाकले. स्वयंपाकघरातला गॅस बंद करायला लावला. मीटरनं पाहिलं तर विजेच्या बाजूनं चारही ठीक होते. दोष असलाच तर तोंडात होता.

दुकानात या तपासणीचं यंत्र असतं. आमच्याकडे फवारणीचा एक जुना हातपंप होता. भावानं तो धुऊन वाळवला आणि त्यात रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन भरलं, कारण उघड्या अंगणात पेट्रोल फवारणं धोक्याचं होतं. पंपाला ठिबकची बारीक नळी जोडली, नळीच्या टोकाला क्लॅम्पनं इंजेक्टर आवळला आणि विजेसाठी दुसऱ्या, बॅटरीवरच्या पंपाची बॅटरी घेतली. झटका देण्यासाठी दाराच्या बेलचं बटण. बटण दाबून धरायचं नाही, नाहीतर आतली तार जळते. टिचकी मारल्यासारखं दाबायचं आणि सोडायचं.

आधी प्रत्येकातून इंजेक्टर धुवायचा क्लीनर सोडला. काळपट पाणी आलं, मग स्वच्छ. त्यानंतर मोजणी. भाऊ पंप हाणत होता, मी बटण दाबत होतो आणि वहिनी वर्गात पाढे म्हणावेत तशा मोठ्यानं मोजत होत्या. प्रत्येक इंजेक्टरखाली एक बाटली, प्रत्येकाला तेवढेच झटके. ही रीत भावाची. ठिबक सगळ्या झाडांना सारखं पाणी देतं की नाही, हे तो असंच पाहतो. ओळीतल्या वेगवेगळ्या झाडांखाली डबे ठेवतो आणि ते सारखे भरले की ओळ ठीक.

तिसऱ्याच्या वेळी वहिनी मोजता मोजता थांबल्या.

"याचं जाड पडून राहिलं."

"तू मोज," भाऊ म्हणाला. "जाड पडो का बारीक, बाटली भरली पाह्यजे."

चारही बाटल्या ओट्यावर ओळीनं ठेवल्या. पातळी सारखी होती. भावानं वाकून, डोळा लावून पाहिलं.

"एकाच मायची लेकरं," तो म्हणाला.

मलाही समाधान वाटलं. नव्या रबरी रिंगा तेल लावून बसवल्या, गळती नाही हे पाहिलं आणि गाडी सुरू केली. आवाज पूर्वीपेक्षा बरा होता. दुपारी वहिनींनी ती चढावर नेली. मी शेजारी होतो, भाऊ मागं. त्याच जागी तोच हिसका बसला. मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत बाजूनं गेला आणि जाताना वहिनींकडे पाहून हसला.

"झालं," भाऊ म्हणाला. "आता उद्याच्या माणसाले देऊन टाकू."

वहिनींनी गाडी घरी आणली. गाडी लावल्यावर चावी हातातच ठेवून त्यांनी विचारलं, "फवारणी करताना तुमच्या पंपातून धार पडली तं चालते काय?"

"धार कशी चालीन? पानाले दवा चिपकत नाही. फवारा पाह्यजे."

"मंग?"

भाऊ इंजेक्टर खोलायचे पाने आणायला आत गेला.

चूक आम्हा दोघांची होती, आणि ती ठिबकवाल्यांनाच सुचावी अशी होती. ठिबकमध्ये थेंब पडला की काम झालं. किती पडला एवढंच पाहायचं. इंजिनात थेंब निरुपयोगी. तिथं धुकं लागतं. धारेतलं पेट्रोल नीट जळत नाही, मग बाटली कितीही बरोबर भरो.

इंजेक्टर पुन्हा काढले. या वेळी खाली बाटली नाही, वीतभर अंतरावर वर्तमानपत्र धरलं. तिघांनी कागदावर गोल ओला डाग उठवला. तिसऱ्यानं एका बाजूला बोटभर ठिपका पाडला आणि कागद तिथंच फाटला. भावानं खिशातून बाभळीचा काटा काढला. पंपाचं नोझल तो काट्यानंच मोकळं करतो. मी त्याचा हात धरला. इंजेक्टरचं भोक काट्यानं एकदा वाढलं की परत लहान होत नाही. मग वाटीत क्लीनर घेऊन तोंड बुडवून ठेवलं, जुन्या मऊ ब्रशनं पुसलं, पुन्हा बुडवलं. दिवस मावळायच्या आधी कागदावर डाग उठला. पूर्ण गोल नव्हता, एका बाजूला जरा ओढलेला होता, पण डाग होता.

रविवारी लोधीखेड्याचं गिऱ्हाईक बसनं आलं. परतीला गाडी घेऊनच जायचं, अशा तयारीनं. भाऊ त्याच्या हाती चावी देऊन त्याला चढावर घेऊन गेला. परत आले तेव्हा दोघंही खूश होते.

"तुमी तं म्हणत होते खराब हाय," गिऱ्हाईक म्हणालं. "हे तं मक्खन हाय."

त्यानं फोनवर सांगितलेली किंमत वाढवली. भाऊ माझ्याकडे पाहू लागला. गाडी बिघडली म्हणून विकायची होती. ती सुधारली आणि आता चांगल्या किमतीत विकता येत होती. आदल्या दिवशीच्या आमच्या कष्टांचा हा उपयोग मला सुचला नव्हता. भावाला तो त्या क्षणी सुचला, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

वहिनी चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. गिऱ्हाइकाचा चहा होईपर्यंत थांबल्या. मग हात पुढं केला.

"चावी द्या, दादा. तुमची बस हाय आता. मी सोडून देते स्टँडवर."

गिऱ्हाइकानं भावाकडे पाहिलं. भावानं अंगणातल्या पंपाकडे. चावी देण्यावाचून गिऱ्हाइकाला दुसरं काही करता आलं नाही. तो पुढच्या सीटवर बसला, मांडीवर पिशवी घेऊन. गाडी फाटकातून एका आवाजात निघाली आणि स्टँडच्या दिशेनं वळली.

"स्टँडवरून सीधी घरी येईन ना हे?" भावानं विचारलं.

"तुला सांगून गेल्या का?"

"नाही."

आम्ही पंपातलं उरलेलं टर्पेंटाइन डब्यात ओतायला घेतलं. वहिनी संध्याकाळी आल्या, मोहगावहून.