लालच घे गो

नेलपॉलिशचा वास आला की मला आमची ढोलकी आठवते. लग्नानंतरचा माझा पहिला गणपती होता. दिंडोशीच्या आमच्या घरात संध्याकाळी भजन होतं आणि सासऱ्यांच्या नटबोल्टच्या ढोलकीचे नट वाजवता वाजवता सैल पडत होते. पान्याने आवळले, सायकलच्या ट्यूबचे वॉशर कापून घातले, तरी दोन आरत्यांत आवाज पुन्हा बद्द. "वाट लागली," म्हणत ते डोकं धरून बसले. मी भीत भीत म्हटलं, "बाबा, नटांना नेलपॉलिश लावू? माझ्या चष्म्याचा स्क्रू तसाच टिकलाय." सकाळपासून माझ्या लाल नखांकडे नाराजीने बघणारे बाबा उखडले, "देवाच्या ढोलकीक नखांचो रंग?" पण भजनी मंडळी जिना चढत होती. त्यांनी घाईघाईने सूर लावला, मी एकेका नटाच्या कडेला लाल थेंब सोडला आणि ते ढोलकी मांडीवर घेऊन, गाल फुगवून, प्रत्येक थेंबावर फुंकर घालत बसले. ढोलकी शेवटच्या गजरापर्यंत खणखणीत वाजली. यंदा मी गणपतीच्या बाजाराला निघाले, तर आत ढोलकीचे नट आवळत बसलेल्या बाबांची हाक आली, "लालच घे गो. गुलाबी देवाक बरी दिसणा नाय!"