चष्मा पुसून विचारणारा

माझा गावातला जुना मित्र सांगलीहून दर शनिवारी घरी येतो आणि कोरेगावच्या स्टँडवर मला भेटतो. शर्टाच्या टोकानं चष्मा पुसल्याशिवाय हा बोलत नाही, आणि बोलला की प्रश्नच विचारतो. साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत आमची वडीलधारी मंडळी अहवाल न उघडताच "मंजूर, मंजूर" ओरडायची, तेव्हा हा मागं बसून तो वाचत असायचा. मला त्याचा रागच यायचा.

कॉलेज संपल्यावर साताऱ्यात एका बँकेच्या मुलाखतीला आम्ही दोघं गेलो. दोघांनाही गुंतवणुकीच्या क्षेत्रातच पुढं जायचं होतं. साहेबांनी पगार सांगितला आणि मी तिथंच मंजूर करून टाकला. यानं चष्मा पुसला.

"सर, हितं कंपन्यांचा अभ्यास शिकाय मिळंल, का नुसत्या पॉलिस्या इकायच्या?"

साहेब हसले. हा उठला आणि सांगलीत एका गुंतवणूक सल्लागाराकडं निम्म्या पगारावर लागला.

परवा टार्गेट भरेना, म्हणून मी त्यालाच पॉलिसी विकायला बसलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"तू सोता घेतलीयास का रं ही?"

मी घेतली नव्हती. माहितीपत्रक घडी घालून खिशात ठेवलं. पगार आजही माझाच जास्त आहे. तरी तो चष्मा त्याच्या नाकावरून ओढून आपल्या डोळ्यांवर चढवावा, असं वाटलं.