टाइपिंगच्या वर्गातला अर्ज

आमच्या राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, तेव्हा लोधीपुऱ्यातल्या आमच्या टाइपिंगच्या वर्गात एवढाच फरक पडला, की सरावाच्या अर्जातलं 'नागपूर' खोडून सरांनी 'भोपाळ' लिहिलं. अर्ज नोकरीचा होता आणि रोज तोच टाइप करायचा. खाली नाव घालायचं नाही. घालून तरी काय, तो जाणार होता रद्दीत.

मी परीक्षा पास झाले. नोकरीसाठी परगावी जायचं नाही, असं बाबांनी बजावलं, म्हणून सरांनी मला तिथेच शिकवायला ठेवलं. माझ्या आधी पास झालेली मुलगीही शेजारच्या मशीनवर तेच करत होती. दारावरच्या पाटीवर 'नोकरीची हमी' लिहिलेलं होतं, आणि ते खोटं आहे असं म्हणायची सोय नव्हती.

एका संध्याकाळी बाबा मावा जिलेबी घेऊन आले. ते शाळामास्तर, पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नसत. त्या दिवशीचा कागद म्हणजे आमचा अर्ज होता. माझ्या मशीनचा 'र' जरा वर उडायचा, त्यावरून मी तो लांबूनच ओळखला. पाकाने चिकटलेला तो कागद बाबांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

"एक चूक नाही बघ," ते मला म्हणाले. "याला नोकरी लागलीच असणार."

"लागली," मी म्हटलं.