पानठेल्यावरचा कर्णधार

सामने संपले की पिपरी मेघेचा आमचा बेसबॉल संघ पुलगावच्या संघासोबत तिथल्याच एका हॉटेलात बसतो आणि चहावर खेळाडूंची अदलाबदल होते. नियम एकच. ज्याच्याबद्दल बोलायचं, त्यानं उठून रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावर जायचं. तोंडावर माणसाचे दोष काढता येत नाहीत.

मी कर्णधार, म्हणून यंदाही एकेकाला बाहेर मीच धाडत होतो. आमच्या कॅचरचे गुडघे वाजतात, आमच्या डावखुऱ्याला भूक लागली की चेंडू दिसत नाही, सगळं सांगून टाकलं. द्यायचा माल असा कोणी दाखवतो का? पण माझ्या जिभेला हाड नाही. मला फक्त त्यांचा पिचर हवा होता.

पुलगावचा कर्णधार म्हणाला, "पिचर घेऊन जा. बदल्यात मले तू पायजे."

मी हसलो. आमच्यातलं दुसरं कोणी हसलं नाही. कॅचर म्हणाला, "भाऊ, जरा पानठेल्यावर जाऊन येजो."

पलीकडून दिसत होतं, आत जोरात वाद चालला होता. कॅचर टेबल बडवत होता. माझ्यासाठी पोरं भांडताहेत, या विचारानं मला भरून आलं. सगळ्यांसाठी मी गोड पानं बांधून घेतली.

आत गेलो तर कॅचर खट्टू होऊन म्हणाला, "जमलं नाई भाऊ. आम्ही तर तुले देऊनच टाकलं होतं. पण हे लोक तुह्यासंग आपली नवी बॅटही मागून राह्यले. बॅट काऊन द्याची?"