पट्टी लावून खोडलेलं नाव

जालन्याच्या डॉक्टरांनी मुक्तापुढचे ठोकळे गोळा केले आणि म्हणाले, "ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर." मग समजावलं: मेंदूची घडणच वेगळी असते. बोलणं, नजर देणं, गोंगाट सोसणं अवघड जातं. यात कुणाचा दोष नाही. मुक्ता तेव्हा साडेतीन वर्षांची होती. तिला मांडीवर घेऊन बसलेल्या तिच्या आईला, तुमच्या वैशालीमामीला, त्यांनी विचारलं, "तुमची झोप होते का?" मामीनं माझ्याकडे पाहिलं. मी वहीत थेरपीचे वार लिहीत होते.

चिन्मय, रेवा, मामी व्हिडिओ कॉलवर तुमच्या या आजीशेजारी का बसत नाही, असं तुम्ही विचारलंत. उद्या तुमच्या ओळखीच्या कुठल्या घरात असं मूल असेल, तेव्हा उपयोगी पडावं म्हणून खरं ते लिहिते.

दर गुरुवारी मामी मुक्ताला घेऊन मंठ्याहून एस.टी.नं जालन्याला जायची. ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं खेळातून शिकवणं. बसमध्ये मुक्ता किंचाळली की लोक मामीला अक्कल शिकवायचे. घरी आल्यावर ती देवापुढे दिवा लावून बराच वेळ बसून राहायची.

दिवाळीनंतर टेंभुर्णीला माझ्या धाकट्या बहिणीच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. ओटी कुणी कुणी भरायची, ती यादी आमच्यात नेहमी मीच करते. बहिणीचा फोन आला. "ताई, वैशाली आपलीच हाय गं. पण आमची पहिलीच खेप. तिची पोर ही अशी, तिच्या हातची ओटी नको. मनात उगा शंका राह्यते."

मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. ऑटिझमवर मिळेल ते वाचलं होतं. तरी म्हणाले, "बरं."

मामीला सांगितलं, गर्दीत मुक्ताला त्रास होईल, तू घरीच राहा. तिचे डोळे भरून आले. "आई, तुम्हालाच तेवढं समजतं."

आठवड्यानं थेरपीची वेळ पाहायला तिनं माझी वही उघडली. यादीतलं तिचं नाव पट्टी लावून खोडलेलं होतं. समासात माझ्याच अक्षरात कारण: 'पहिली खेप. शंका.'

"मावशींचं मला काही न्हाई," ती म्हणाली. "बसमधली माणसंबी बोलतातच. पण तुम्ही? अन् तेबी बराबर पट्टी लावून!"

त्या दिवसापासून दिवा लागेना. ती जेवेना. पुढच्या गुरुवारी मीही सोबत गेले. डॉक्टरांनी मुक्ताच्या आधी तिचीच विचारपूस केली. "केअरगिव्हर बर्नआउट," ते म्हणाले. सांभाळणाऱ्याचंच बळ संपणं. मग मला म्हणाले, "आजी, हिच्या बाजूचं एक तरी माणूस घरात पाहिजे."

मी बाहेर बाकावर बसले. देवानं आम्हाला फसवलं, असं मी तोवर धरून चालले होते. मामीला मात्र मी फसवलं होतं.

बहिणीला फोन केला. "बारशाला वैशाली येणार असेल, तरच मी येईन."

"मंग नको येऊ," ती म्हणाली. मी गेले नाही.

तांदूळ आणि नारळ घेऊन मामीची ओटी भरायला गेले. तिनं पदर पुढे केला नाही. "ठेवा तिथं," एवढंच बोलली.

आता गुरुवारी मुक्ताला मी नेते. लोक मलाही अक्कल शिकवतात. मामी दुपारभर झोपते. तिनं मला माफ केलेलं नाही आणि त्याची घाई मी करत नाही. पण परवा स्टँडवर तिनं मुक्ताचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "खिडकीची जागा धरा. हिला जल्दी घाम येतो."

अजून ती हा हात माझ्याकडे देते. तिचे हे उपकार मी विसरणार नाही.