आप्पांची खालची कवळी

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. घरात कवळीचा विषय निघाला की पाणी प्यायच्या निमित्तानं उठायचो. आता माझ्याच तोंडात कवळी आहे, आणि आप्पांची हकिगत घरात अजून चुकीचीच सांगितली जाते.

आप्पा म्हणजे माझे केंदूरचे चुलते. जन्मभर मिश्री लावली, पण दात काही राहिले नाहीत. सत्तरच्या दशकात मी दौंडला रेल्वेत फिटर होतो. नातीचं लग्न शिरूरला ठरलं तेव्हा आप्पा माझ्याकडे आले. "व्याह्याच्या पंगतीला दुधात कुस्करून खाऊ व्हय? दात बसवून दे."

दौंडच्या दातांच्या डॉक्टरांनी माप घेऊन झकास कवळी केली. आरशात बघून आप्पा म्हणाले, "परका गडी समजून तुझी चुलती आता घरात घ्यायची न्हाई मला." डॉक्टर हसले, पण बजावून म्हणाले, "आप्पा, हिरडीला टोचलं तर माझ्याकडंच या. घरी काही करू नका."

दुसऱ्याच दिवशी खालची टोचायला लागली. दवाखाना बंद, लग्न परवावर. मी म्हणालो, "आप्पा, इंजिनाची बेअरिंगं बसवतो मी. ही तर चिमूटभर कवळी."

बारीक कानस घेऊन उजवी बाजू घासली. मग डावी उंच वाटली म्हणून डावी. मग पुन्हा उजवी. "आता कशी मऊ लागतीय," आप्पा खुशीत म्हणाले. मऊ लागणारच. ती हिरडीवर नीट टेकतच नव्हती.

पंगतीत व्याह्यांनी आग्रहानं बुंदीचा लाडू भरवला. आप्पा चावता चावता हसले, आणि खालची कवळी लाडवासकट आमटीच्या वाटीत पडली.

"आप्पा, आमटी चावून खाता व्हय?" व्याही म्हणाले, आणि अख्खा मांडव हसून लोळला. आप्पाही हसले. मग मोठ्यानं म्हणाले, "दौंडच्या डॉक्टरनं फसवलं मला." मी खाली मान घालून भात कालवत राहिलो.

डॉक्टरांनी खालची कवळी नव्यानं करून दिली. जुनीवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "हिला कानस कुणी लावली?"

"आमच्यात असलं कोण करत न्हाई," आप्पा म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत होतो.

नव्या कवळीनं आप्पांनी पुढं भरपूर हुरडा खाल्ला. पण पहिली डॉक्टरनं बिघडवली, हे ते केंदूरच्या पारावर शेवटपर्यंत रंगवून सांगत. ते ऐकून गावातली काही म्हातारी माणसं दौंडला गेलीच नाहीत. बोळक्यानंच दिवस काढले.

एकदा मी धीर करून दवाखान्याची पायरी चढलो. डॉक्टरांनी विचारलं, "आप्पा काय म्हणतात?" मी म्हणालो, "मजेत आहेत." आणि खुर्चीत बसून माझे धडधाकट दात तपासून घेऊन परत आलो. पुढं डॉक्टर दवाखाना बंद करून बदलीच्या गावी गेलेल्या मुलाकडं राहायला गेले, आणि सांगायचं राहिलंच.

म्हणायचं होतं ते इतकंच: डॉक्टर, कानस मी लावली होती. तुमचं काही चुकलं नव्हतं. मला माफ करा.